सरांची मोजणी

तीर्थरूप बाबांना, तुमच्या शेंडेफळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेलाय, निदान दिवसा तरी. तुमचा गुडघा काय म्हणतो?

काल सरांशी 'गो' या पटावरच्या खेळाचा डाव झाला. तुम्हाला सोपं करून सांगते. माझ्या काळ्या आणि त्यांच्या पांढऱ्या सोंगट्यांनी एकमेकींना कोंडलं होतं. अशा वेळी ज्याच्या मोकळ्या जागा आधी भरतात, तो मरतो. माझ्या चार उरल्या होत्या, त्यांच्या पाच. म्हणजे ते जिंकलेच होते. तरी ते 'को'त शिरले. को म्हणजे एकमेकांची एकच सोंगटी आळीपाळीनं मारत राहायची, पण परत मारण्याआधी दुसरीकडे कुठेतरी धमकी द्यायची. त्यांच्या धमक्या संपल्या आणि डाव गेला.

मी सोंगट्या पुन्हा तशाच मांडून विचारलं, "सर, को कशाला? तुमच्या पाच होत्या की!"

त्यांनी बोट ठेवून मोजलं. तीन आल्या. परत मोजलं, तर सहा.

"वर्ष होत आलं, पोरी," ते म्हणाले. "आकडे निसटतात. माझ्या घरी बोलू नकोस."

या माणसानं मला मोजायला शिकवलं, बाबा. मला रडूसुद्धा येईना. मी गुपचूप सोंगट्या डब्यात भरल्या.

आज त्यांचा वर्ग मीच घेतला. मुलांना सांगितलं, सरांचा घसा बसलाय.

सुट्टीतही त्यांचे वर्ग आहेत, म्हणून मी येत नाही. आईला तुम्हीच काहीतरी कारण सांगा. तिनं माझी गादी उन्हात घातली असेल, तर गुंडाळून ठेवा.

तुमची,
धाकटी