ड्रमरच्या अल्बममध्ये ड्रम नाहीत, त्याची हकिकत

ती. सौ. वहिनींना धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं खरोखर जमिनीला टेकलेली आहेत. पाठ धरली आहे, डॉक्टरांनी गादी काढून घ्यायला लावली आहे, त्यामुळे हे पत्र फरशीवर पालथं पडून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर दोष फरशीला द्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू देतो का आता? पुतणीची परीक्षा कशी गेली? दादाचा घसा बरा आहे ना? हे शेवटचं मी केवळ रीत म्हणून विचारलं आहे, त्यात उगाच कळकळ शोधू नये. आमच्याकडे सगळे मजेत. म्हणजे ही मजेत आहे, कारण लग्नानंतर पहिल्यांदाच मी सलग नऊ दिवस घरातलं काहीही बडवलेलं नाही.

माझं आणि दादाचं फाटलं हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन महिने झाले, आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. पण तुमच्या कानावर एकच बाजू गेली असणार, आणि दादाचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे (त्यावरच तर आमच्या बँडचं पोट चालतं), म्हणून माझी बाजू सविस्तर लिहितो. त्याच्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

तर वहिनी, अठरा वर्षं मी त्या बँडमध्ये सगळ्यांच्या मागे बसलोय. आमचं कुठलंही पोस्टर काढून बघा. मधोमध दादाचा चेहरा, डावीकडे गिटारवाल्याचे केस, उजवीकडे मौनीची टोपी (मौनी म्हणजे आमचा बेस वाजवणारा, वर्षाला दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक 'निघूया का' असतं), आणि मागे एका मोठ्या झांजेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले माझे दोन कोपर. चेहरा झांजेमागे. गेल्या वर्षी त्या मोठ्या सभागृहात आपला कार्यक्रम होता, आठवतं? मी जरा उशिरा पोचलो, तर दारावरच्या रखवालदाराने मला अडवलं. मी म्हटलं, अहो, मी ड्रमर आहे. त्याने भिंतीवरचं पोस्टर नीट न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि म्हणाला, कोपर वर करून दाखवा. दाखवले. तेव्हा कुठे आत सोडलं. तुम्ही सगळे त्या गोष्टीवर महिनाभर हसलात. मीही हसलो. पण घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो, आणि स्वतःचा अल्बम काढायचं तिथेच ठरवलं. कव्हरवर पूर्ण चेहरा, कानांसकट.

गाणी माझी, आवाज माझा, गिटारही माझीच (मला तीन सूर येतात, ते आलटून पालटून वापरले), आणि ड्रम अजिबात नाहीत. ड्रम घातले असते तर लोक म्हणाले असते, ड्रमरचा अल्बम आहे, ड्रम चांगले आहेत. मला ते नको होतं. आता ही गोष्ट दादाला आधी सांगायला हवी होती, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, तो हसेल. म्हणून तालमी चुकवायला मी पाठीचं निमित्त केलं. तीन महिने माझी पाठ दुखत होती, वहिनी, आणि ती अजिबात दुखत नव्हती. तुम्ही शेकायची पिशवी घेऊन तीन जिने चढून आलात (त्या गुडघ्याने!), तेव्हा मी स्टुडिओत होतो, आणि मी मालिश करून घ्यायला गेलोय असं हिला तुमच्या तोंडावर सांगावं लागलं. ते आठवलं की अजून कसंतरी होतं. त्याची शिक्षाही मिळाली म्हणा. नऊ दिवसांपूर्वी उरलेल्या पाचशे सीड्यांचे सात खोके घरी आले, लिफ्ट बंद होती, पाचवा खोका उचलताना कमरेत असा काही आवाज झाला की शेजारच्यांनी दार उघडलं. ते पाच खोके कसेबसे वर आले, दोन अजून जिन्याखाली आहेत. मी खोटं बोललो, पण पाठीने ते मनावर घेतलं.

स्टुडिओतली हकिकत तर विचारू नका. रेकॉर्डिस्ट सज्जन माणूस, पण पहिल्याच दिवशी त्याने मला चार वेळा थांबवलं. कुठूनतरी धप धप येतंय म्हणाला. तो माझा पाय होता. मी बूट काढले, तरी येतच राहिलं. मग पायाखाली उशी आली. शेवटी त्याने मला खुर्चीवर मांडी घालून बसवलं, तर मी बोटांनी गुडघे वाजवायला लागलो. (मला खरंच कळत नव्हतं हो, माझे हातपाय मला विचारून काही करत नाहीत.) तेव्हा तो बाहेर गेला, दोन कप काठोकाठ पाण्याने भरून आणले, माझ्या दोन हातांत दिले आणि म्हणाला, सांडलं तर पुसायचं तुम्ही. अख्खा अल्बम मी असा गायलोय, मांडी घालून, दोन्ही हातांत पाणी घेऊन. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की गायकाच्या आवाजात एक विलक्षण सावधपणा आहे. असणारच की.

पण खरी फजिती पुढे झाली. माझी लय पळायला लागली. माझी! ज्याच्या लयीवर तीन माणसं अठरा वर्षं चालली, त्या माझी! रेकॉर्डिस्ट म्हणाला, ताल धरायला कानात टिकटिक लावू का? मी म्हटलं, सोनाराने कान टोचायचे, तू नाही. आणि ताठ्यात तसाच गात राहिलो. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनी, दादा प्रत्येक ओळ उचलण्याआधी डावी टाच केसभर वर करतो. त्याला स्वतःला हे माहीत नाही. तुम्हालाही नसेल, कारण तुम्ही समोर बसता. ती टाच फक्त मला दिसते. इतकी वर्षं मी त्या टाचेवर वाजवतोय, आणि मला वाटत होतं की दादा माझ्यावर गातोय. स्टुडिओत माझ्यासमोर एक काच होती आणि काचेपलीकडे जांभया देणारा रेकॉर्डिस्ट. टाच कुठून आणणार? त्या दिवशी मला दादाची फार आठवण आली. फोनसुद्धा उचलला होता, पण पाठीचं सोंग चालू होतं ना, मग काय बोलणार? ठेवून दिला. त्यामुळे माझं सहावं गाणं फिरायला निघाल्यासारखं सुरू होतं आणि बस पकडल्यासारखं संपतं.

आता श्रोत्यांचं ऐका. दुकानदाराने पहिल्या आठवड्यात वीस सीड्या विकल्या आणि त्यातल्या सहा परत घेतल्या. लोकांचं म्हणणं, सीडी खराब आहे, ड्रम उमटलेलेच नाहीत. कव्हरवर ड्रमर लिहिलंय, मग ड्रम कुठे गेले? दुकानदाराने शेवटी 'माल ठीक आहे, असाच आहे' अशी चिठ्ठी प्रत्येक सीडीवर चिकटवली (माझ्या चेहऱ्यावरच, बरं का, दुसरीकडे जागा नव्हती म्हणे). तिकडे एका दंतवैद्याने एकदम दहा सीड्या नेल्या. मी हरखून भेटायला गेलो. तो म्हणाला, बाहेरच्या खोलीत लावतो, पूर्वी पेशंट आत यायला घाबरायचे, हल्ली आपणहून लवकर आत येतात. मी आभार मानले. घरी येईपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका तुम्हाला आठवतात ना, माझा सराव सुरू झाला की झाडूच्या लांब दांड्याने छताला ठोकणाऱ्या? अकरा वर्षं ठोकतायत. त्यांनी तीन सीड्या घेतल्या आणि मला आभाराचं पत्र धाडलं, असेच अल्बम काढत राहा म्हणून. रोज दुपारी लावतात. पण वहिनी, सवय वाईट. माझा आवाज कानावर पडला की त्यांचा हात आपोआप झाडूकडे जातो. परवा मी फरशीला कान लावून पडलो होतो (दुसरं काय करणार), तर खाली माझी सीडी चालू आणि वर छताला ठोके. आणि खोटं नाही सांगत, लयीत! सहाव्या गाण्यातसुद्धा बाई हटल्या नाहीत. माझ्या अल्बमला उत्तम ड्रम वाजवणारी बाई मिळाली आहे आणि तिला ते माहीतच नाही.

आईने मात्र अल्बम डोळे मिटून पूर्ण ऐकला. संपल्यावरही ती तशीच बसून राहिली. मला वाटलं, भारावली. मी विचारलं, कसा वाटला? तर म्हणाली, "मुलगा छान गातोय रे. पण तू कधी येतोस याची वाट बघत बसले, तू काही आलाच नाहीस." मी तिला समजावलं की गाणारा मीच आहे. तिने मान हलवली, पण तिला पटलेलं नाही. मौनीने आपलं वर्षाचं दुसरं वाक्य माझ्या अल्बमवर खर्च केलं. म्हणाला, "कव्हर चांगलंय." बिचाऱ्याला आता डिसेंबरपर्यंत गप्प राहावं लागेल.

आणि दादा. त्याला सीडी मी स्वतः नेऊन द्यायची होती, पण आधी त्या खोट्या पाठीचं काय करायचं ते सुचेना, म्हणून उद्या देऊ, परवा देऊ करत राहिलो. तोवर तो गिटारवाल्याबरोबर तारा आणायला दुकानात गेला, आणि समोर काउंटरवर मी, कानांसकट. संध्याकाळी तुमच्या गॅरेजमध्ये तालमीला आलो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "पाठ कशी आहे?" तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी चिडलो (माझं नेहमी असंच होतं, चोराच्या उलट्या बोंबा), आणि म्हणालो, अठरा वर्षं मी तुझी पाठच बघतोय, आता लोकांना जरा माझं तोंड बघू दे. तो खाली बसून माईकची वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेली सोडून परत गुंडाळली. मी निघून आलो. पुढच्या आठवड्यात कळलं की माझ्या जागेवर तालाचं यंत्र आणून ठेवलंय, चपलांच्या खोक्याएवढं. माझी जागा एवढीशीच होती, हे मला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

असो. झालं ते बऱ्यासाठीच. मी आता स्वतंत्र कलावंत आहे, दुसऱ्या अल्बमची तयारी मनात चालू आहे, दंतवैद्य त्याच्याही दहा प्रती घेणार आहे. बँडमध्ये परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कुणी विचारलं तर हेच सांगावं. (अजून कुणी विचारलेलं नाही.) पुतणीला गोड पापा. तुम्ही गुडघ्याला जपा. पाठीला शेक देताना रोज तुमची आठवण होते, कारण पिशवी तुमचीच आहे.

तुमचा आज्ञाधारक,
छोट्या (वय वर्षं चव्वेचाळीस)

ता. क. हे पत्र दादाला दाखवू नये.

ता. क. २. दाखवलंच, तर टाचेबद्दलचा भाग दाखवावा. दंतवैद्याचा झाकावा.

ता. क. ३. वहिनी, पत्र खरं इथून सुरू होतं. तुम्ही माझं तालमीचं जाकीट धुऊन पाठवलंत, त्याच्या आतल्या खिशातली चिठ्ठी मला काल सापडली. 'भाऊजी, हे रोज दाढी करताना तुमची सीडी लावतात आणि सहाव्या गाण्याला रोज कापून घेतात. ते यंत्र आल्यापासून गाता गाता थांबतात आणि मागे वळून बघतात.' पहिली ओळ वाचून हसलो. दुसरी वाचल्यावर बराच वेळ उताणं व्हायचं सुचलं नाही. आता मी सांगतो ते करा. गुरुवारी तालीम आहे. गॅरेजच्या मागच्या दाराला आतून कडी घालू नका. दादाला दहा मिनिटं घरात अडकवून ठेवा, नळ गळतोय म्हणा, काहीही म्हणा. यंत्राची वायर मी काढतो. डॉक्टरांनी बसायला मनाई केली आहे, पण ड्रमबद्दल ते काही बोललेले नाहीत, कारण मी विचारलंच नाही. माफी कशी मागायची याची मी इथे आडवं पडून पुष्कळ तालीम केली, पण दर वेळी दुसऱ्या वाक्याला माझं दादाशी भांडणच सुरू होतं. तेव्हा बोलणार काही नाही, नुसता वाजवणार. तो सवयीने समोर बघत माईकपाशी जाईल, मी पहिला ठोका देईन. त्याने वळून बघितलं, तर मी आल्या दाराने घरी जाईन आणि पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही. पण न वळता तो तसाच गायला लागला, तर माझाही चहा टाका.