भिंतीकडे तोंड केलेलं गॅस्केट

अप्पा, तुमच्या जीपच्या इंजिनाचं हेड परवा उतरवलं. तुम्ही गेल्यापासून तिला हात लावायला कुणी धजलं नव्हतं, पण तुमची पणती हट्टाला पेटली. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात बसून बसून मान अवघडलेली ही मुलगी, तिला रविवारी हे धूड समुद्रावर न्यायचंय. हे तीच लिहून घेतेय. मध्येच थांबवून विचारते, "आजी, हे मराठीत कसं लिहायचं गं?" म्हटलं, मला विचारतेस? मला लिहिता येत असतं तर तुझे पाय धरले असते का? तेव्हा अक्षर तिचं आणि राग माझा, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर. तेलाची पट्टी उपसून बघावी तर तेल दुधाळ, आपल्या कॉफीसारखं. विल्लीवाक्कमचा मेकॅनिक आला, वास घेतला आणि म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय. म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसतो तो भोकाभोकांचा पातळ पत्रा. पाण्यानं पाण्याच्या वाटेनं जावं आणि तेलानं तेलाच्या, म्हणून. हे तुम्हाला सांगायला नको. मुलीला सांगावं लागलं. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेली. हेड लेथवर घासून सपाट होऊन आलं, नवं गॅस्केट आलं, आणि ते नीट जुळतंय का बघायला त्या माणसानं खिळ्यावरचं जुनं गॅस्केट काढलं. तेच, जे तुम्ही माप म्हणून टांगून ठेवलं होतं. तांब्याची बाजू आपल्याकडे, दुसरी भिंतीकडे. मी जन्मभर बघत आलेय ते. दर आयुधपूजेला पान्यांना, हातोड्यांना, जॅकला गंध-कुंकू लावताना त्यालाही लावत आलेय, तांब्यावर बोट टेकवून, डोळे मिटून.

त्यानं ते उलटं केलं, ब्लॉकवर धरलं आणि हसायला लागला. "पाट्टी," मला आजीच म्हणतो तो, "हे कोणी बसवलं होतं? उलटं बसवलंय की! हे बघा." भिंतीकडच्या बाजूवर, जिथे भोक नाही तिथे, गंजाची गोल गोल चकत्यांसारखी खूण. खालून पाणी वर यायला बघत होतं आणि पत्र्यावर डोकं आपटून परत जात होतं. "असं बसवल्यावर रेडिएटरमध्ये अख्खी कावेरी ओता, इंजिन उकळणारच."

"माझ्या वडिलांनी बसवलंय," मी म्हटलं. बिचाऱ्यानं जीभ चावली. "घाईत होतं असं, पाट्टी. माझ्या हातूनही झालंय."

घाई होतीच, अप्पा. मी विसरले नाही. तंजावरहून तार आलेली, आजोबांचं काही खरं नाही म्हणून, आणि इकडे जीपचं हेड काढून जमिनीवर ठेवलेलं. तुम्ही दातात विडी धरून नट आवळताय, दादा कंदील धरतोय, आई दशम्या बांधतेय. पहाटे मी माझं काम करते. दादाला शाळा आणि मला जीपचं पाणी, अशी तुम्ही वाटणी केली होती आणि मला ती आवडत होती. मी स्टुलावर चढते, डबा कलता करते, पाणी काठोकाठ येऊन सांडतं, माझ्या परकराचा काठ भिजतो. ओल्या परकरानंच मी मागे बसले. तिंडीवनमच्या पुढे बॉनेटखालून वाफ आली. तुम्ही खाली उतरलात आणि इंजिनाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलंत.

आपण पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. थोरले तुम्ही, आणि अग्नी काकांनी दिला. आत्या दारातच गळा काढून विचारत होती, "कुठे राहिलास रे, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते." तेव्हा सगळ्या घरासमोर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "हिनं पाणी घातलं नाही." बस्स, तेवढंच. आवाजही चढवला नाहीत. आत्यानं माझ्याकडे बघितलं, तसं परत मला कुणी बघू नये. आई तेवढी म्हणाली, "तिचा परकर ओला होता हो." तुम्ही तिला गप्प केलंत.

त्यानंतर आयुधपूजेचा दिवस सोडला तर मला शेडमध्ये बंदी आली आणि घराला एक विनोद मिळाला. लग्नात वरमाला हातात घेतली तर दादा मागून म्हणतो, "पाणी घातलंस का?" डोहाळजेवणातही तेच. मीही हसायची, अप्पा, सगळ्यांच्या आधी हसायची. पण हळूहळू तो ओला परकर मलाच खोटा वाटायला लागला. टी. नगरला साडी घ्यायला निघाले की बसस्टॉपवरून परत यायची, गॅस बंद केला का बघायला. कुलूप ओढून बघायचं, मग जिन्यातून परत वर. माझा नवरा म्हणायचा, तुझ्याबरोबर काशीला निघालो तर आपण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचू. शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा पेज मीच भरवत होते, आणि चमचा ओठांशी आला की तुम्ही विचारायचात, "मीठ घातलंस ना?" खिडकीतून शेड दिसायची. खिळाही दिसायचा. मी भरवत होते, तुम्ही गिळत होतात, सगळं ठाऊक असून.

कारण परत आल्यावर हेड तुम्हीच उघडलं होतंत, दुसऱ्या कुणी नाही. ते गंजाचे गोल तुम्ही बघितलेत. फेकून दिलं असतंत तरी चाललं असतं. पण माप कामाला येतं म्हणून ठेवलंत, आणि टांगताना ती बाजू भिंतीकडे केलीत. उलटं बसवलंत त्याचं मला काही नाही. बाप मरायला टेकला असताना कुणाचा हात नीट चालतो? पण खिळ्यावर टांगताना तर काही घाई नव्हती ना?

दादाला फोन करून बोलावलं. अण्णा नगरहून गुडघे धरत आला, चष्मा लावून पत्रा खालीवर बघितला. मग म्हणतो, "आता काय त्याचं? अप्पा देवमाणूस होते." आणि जाता जाता दारातून वळून, "पण तू तेव्हा पाणी घातलं होतंस, हे तरी यावरून कुठे कळतं?" बघा, तुम्ही शाळेत घातलेला मुलगा. मी त्याला कॉफी दिली. साखर जरा जास्तच घातली, डॉक्टरांनी बंद केलीय तरी.

मेकॅनिकनं नवं गॅस्केट बसवलं, नट मधून कडेकडे आवळले. जुनं परत खिळ्यावर टांगायला सांगितलं, गंज आपल्याकडे आणि तांबं भिंतीकडे. येत्या आयुधपूजेला कुंकू कुठे लावायचं ते बघू. पोरगी विचारतेय, पत्ता काय घालू. म्हटलं, ज्यांनी कधी उत्तर दिलं नाही त्यांचा पत्ता घेऊन काय करायचंय? ठेव तुझ्याकडेच.

एक मात्र लिही, म्हटलं. आज सकाळी पाणी मी घातलं. स्टुलावर मला चढवेना, तिनं धरलं. काठोकाठ भरलं, पदर भिजला, झाकण घट्ट फिरवलं. जीपमध्ये बसले, तिनं चावी फिरवली, धूर नाही, आवाज तुमच्या वेळेसारखा. आणि फाटकापाशी मी तिला म्हटलं, थांब गं जरा. उतरले, बॉनेट उघडायला लावलं आणि झाकण काढून पुन्हा बघितलं.