आईने टाकीतल्यांना गोडं पाणी पाजलं

हेनाम, सणानंतरचा आठवडा

तीर्थस्वरूप मामांना ग्युसोकचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? यंदा बेटावर ऊन चांगलं पडलं म्हणतात, म्हणजे तुमचं मिठागर बरं पिकलं असणार. मामी अजून शेजाऱ्यांच्या कोंबड्यांशी भांडतात का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर आईने आमच्या टाकीत किती जीव मारले त्याची मोजदाद देवालाही जमायची नाही. (घाबरू नका, माणूस एकही नव्हता.)

मुळापासून सांगतो. किमचीसाठी कोबी खारवला की मागे उरतं ते कोबीचा रस उतरलेलं खारट पाणी, चार दिवसांत नाक धरायला लावणारं. गेल्या साली ते ओढ्यातून शेजारच्या क्वाकतात्यांच्या शेतात शिरलं आणि भात उभ्या-उभ्या पिवळं पडलं. तात्या अंगणात येऊन आईला म्हणाले, "वहिनी, कोबी खारवता खारवता माझं शेतच खारवलंत की हो!" गावाने बजावलं, यंदा एक थेंब बाहेर आला तर आमच्या खारवणघराला कुलूप.

म्हणून सोकबाईंना बोलावलं, शहरातल्या पाण्याच्या इंजिनीयर. त्यांनी टाकी बांधली, तळातून हवेचे बुडबुडे सोडले आणि कसलंसं गढूळ पाणी आत ओतलं. म्हणाल्या, यात मीठ मानवणारे जिवाणू आहेत, घाण तेवढी खातील, मीठ तसंच ठेवतील. मी मनात म्हटलं, झालं, बाई आपल्याला गंडवणार. पण मामा, काय सांगू तुम्हाला! पावसाळा सरेपर्यंत वास गेला. गाळून, जंतू मारून घेतलेलं पाणी मी पेल्यात धरलं तर आरपार पलीकडचा डोंगर दिसला. तेच पाणी, तेच मीठ, पुन्हा कोबीवर! सोकबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली टाकीतला एक थेंब दाखवला. जत्रेत नसते एवढी गर्दी, आणि एकही रिकामटेकडा नाही. ज्या खारात मासा तडफडून मरेल तिथे हे आपले जेवताहेत, पोरंबाळं वाढवताहेत! मी टोपी काढून हातात घेतली. (का, ते विचारू नका. कुणी वडीलधारं समोर असल्यासारखं वाटलं.)

आई मात्र हळहळायला लागली. एवढ्या खारटात बिचाऱ्यांचा तहानेने जीव जात असेल, हे दिवसरात्र एकच पालुपद. आणि तुमची बहीण हळहळली की नुसती बसत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं? कोबी जास्त खारवला गेला तर आपण काय करतो? गोड्या पाण्यात घालतो. सणाला आम्ही सगळे आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापायला गेलो. आई गुडघ्यांचं निमित्त करून मागे राहिली, टाकीतलं निम्मं पाणी तिने शेजारच्या हौदात काढलं आणि टाकीत नळ सोडला. परत येऊन पाहतो तर टाकीवर फेस, आणि वास असा की कुत्रं शेपूट घालून पळालं. सोकबाईंनी थेंब पाहिला आणि मान हलवली. मीठ अंगात मुरलेले जीव ते, गोडं पाणी आत शिरलं आणि फुटून गेले. हौदात काढलेले हवेच्या बुडबुड्यांवाचून गुदमरले. जत्रा उठली होती.

आई दिवसभर टाकीपाशी नुसती बसून होती. (यावरून काय ते ओळखा.) सकाळी बघतो तर टाकीपुढे पितरांसारखं पान मांडलेलं, सुका मासा, फळं, तांदळाची दारू, आणि भाताच्या वाडग्यात उभा रोवलेला चमचा. मी म्हटलं, "अगं, एवढ्या कोट्यवधींना एक चमचा?" तर म्हणते, "समजूतदार आहेत ते, वाटून घेतील. तुझ्यासारखे नाहीत!" आणि दोनदा जमिनीला डोकं टेकवलं. मला हसू यायला हवं होतं. मीही शेजारी वाकलो.

असो. पत्र लांबलं. थंडीत जपा, मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
ग्युसोक

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. टाकीचं पहिलं बियाणं, म्हणजे ते गढूळ पाणी, सोकबाईंनी मिठागराच्या चिखलातूनच वाढवलं होतं. तसंच पुन्हा वाढवायचं तर जुन्या मिठागराच्या तळचा काळा चिखल लागेल, दोनेक बादल्या. कोबी शेतात भरत आलाय. तो कापायच्या आत टाकी जिवंत झाली नाही तर कुलूप ठरलेलं, आणि आईने जन्मात दुसरं काम केलेलं नाही.

ता. क. दुसरा. ताईच्या लग्नात आई चारचौघांत तुम्हाला म्हणाली होती, चिखलाचे बूट घेऊन माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तिला चोरून लिहितोय.

ता. क. तिसरा. चोरून कसलं, आई पाठीमागेच उभी आहे. म्हणते, "त्याला लिही, बादल्या दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, वाटेत माझ्यासारखी एखादी भेटेल आणि पाणी पाजेल. स्वतः घेऊन ये म्हणावं. आणि बूट धुऊ नकोस. तसाच आत ये."