खोलीतलं दुसरं नाव

पश्चिम जर्मनी, ता. ४ मार्च १९८४

ती. बाबांस,
नलिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

इस्पितळाचं नर्सांचं वसतिगृह बंद झालं. माझा कामाचा परवाना ३० एप्रिलपर्यंतच आहे. नवा हवा असेल तर राहायला पुरेशी जागा असल्याचा कागद दाखवावा लागतो, नाहीतर सरळ घरचं, सौंसरचं तिकीट. खोली मिळाली आहे, हेल्गाबाई नावाच्या विधवेच्या घरात. बाई मायाळू आहेत. माझं वरण खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी पुसून खाल्ली.

पण खोली त्यांच्या मुलीची, कारीनची. पाच वर्षांपूर्वी ती घराबाहेर पडली ती आलीच नाही. एवढ्या लहान खोलीत एकालाच राहू देतात आणि सरकारी नोंदीत कारीन अजून तिथेच राहते. म्हणजे माझ्यासाठी जागा नाही. तिच्या आईनं सही केली तर नाव निघेल, पण बाई सही करत नाहीत. तुम्ही जन्मभर नगरपालिकेत कागद हलवलेत, काही मार्ग सुचवा.

कपाटात तिचे कपडे आहेत. मी पलंगाच्या कडेला झोपते, अर्धी जागा सोडून. का, ते मलाही सांगता येत नाही.

आईला जयभीम. पत्राची वाट पाहते.
तुमची,
नलिनी

सौंसर, ता. १८ मार्च १९८४

चि. नलिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. कारीनचा मजकूर मी गाळणार होतो, पण माझा आवाज अडखळला आणि तिनं सगळं पुन्हा वाचायला लावलं.

तुला ठाऊक आहेच, आपल्या राशन कार्डावर तुझ्या दादाचं, उत्तमचं नाव अजून आहे. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर तो गाडीत चढला तो परतलाच नाही, त्याला पाच वर्षं होत आली. त्याच्या वाट्याची साखर तुझी आई दर महिन्याला आणते आणि वेगळ्या डब्यात ठेवते. मागे तपासणीला साहेब आले तेव्हा तिनं सांगितलं की तो लोधीखेड्याला गेलाय, संध्याकाळी येईल. मी तिथेच उभा होतो, मान डोलावली. शेजारची प्रेमलता तिला जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलायला चला म्हणते. तुझी आई कुठली जायची!

मार्ग विचारलास. त्या बाईला जोर करू नकोस, दुसरी खोली पाहा. आमचं बरं चाललं आहे.
तुझा,
भाऊराव

पश्चिम जर्मनी, ता. ३० मार्च १९८४

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

चार घरं पाहिली. फोनवर खोली रिकामी असते, मला पाहिल्यावर ती कालच गेलेली असते.

शेवटी हेल्गाबाईंना उत्तमदादाचं सांगितलं. इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, तुझ्या आईनं नाव काढलं का? मी नाही म्हटलं. मग मला कसं सांगतेस, म्हणाल्या.

आता एक महिना उरला. सामान आवरायला घेते आहे. मी आईकडे काही मागत नाही, हे तिला नक्की सांगा.
तुमची,
नलिनी

सौंसर, ता. १० एप्रिल १९८४

चि. नलिनीस,
आशीर्वाद. तुझी आई सांगते ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“नली, मी तहसीलीत गेली होती. उत्तमचं नाव काटून आली. तुह्या बाबाले मागून सांगितलं. बाबूनं इचारलं, मेला का बाहेरगावी गेला? मी म्हनलं, बाहेरगावी लिहा. त्यानं लिहिलं. घरी येऊन लय रडली. त्या बाईले सांग, तुह्या मायनं, देवकाबाईनं काटलं. सोपं आहे असं सांगू नोको, सोपं नाई. नाव कार्डावर होतं तं वाटे, पोरगं येईन. आता वाटून राहिलं, तो आलाच आहे, अन् मीच त्याले जेवाले वाढत नाई.”

एवढं सांगून ती उठली. सांभाळून राहा.
तुझा,
भाऊराव

पश्चिम जर्मनी, ता. २९ एप्रिल १९८४

ती. बाबांस व ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

परवाना मिळाला.

आईचं पत्र मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये हेल्गाबाईंना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी कोट घालून माझ्याआधी दारात उभ्या. कचेरीत अर्जावर मुलीच्या नव्या पत्त्याचा रकाना होता. तिथे त्यांनी माहीत नाही, असं लिहून सही केली. बाबूनं शिक्का मारला आणि आता त्या खोलीत राहणारी मी एकटीच आहे.

परत आलो. किल्ली त्यांच्या हातात होती, तरी त्यांनी स्वतःच्याच दाराची घंटा वाजवली आणि वाट पाहत राहिल्या. मी मागे उभी. आत कुणीतरी उठून येईल असं मलाही वाटत होतं. आणि आई, खरं सांगते, मी कारीनच्या पावलांचा कानोसा घेत नव्हते, दादाच्या घेत होते. कुणी आलं नाही. मग त्यांनी किल्ली मला दिली.

दार मी उघडलं.

आईला जपा, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
नलिनी