ओंकार ब्रदर आणि आठ दिवसांतली नोकरी

३ फेब्रुवारी, सोमवार. पुनावळे.
सामान लागलं. बायकोची, मधुवंतीची, बदली चाकणच्या प्लँटला झाली, म्हणून मी लातूरची नोकरी सोडली. त्याग वगैरे नाही. सहा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काढलेला मेल नर्स! आठशे ग्रॅमच्या बाळाला पहिल्या प्रयत्नात सुई लावणारा! आठ दिवसांत नोकरी. दहा धरू, हॉस्पिटलांची आपसात रस्सीखेच होणारच. मधुवंतीला म्हटलं, तीन तरी ऑफर येतील, त्यातली कुठली घ्यायची तेवढं तू ठरव. म्हणाली, आधी अर्ज तर कर.

५ फेब्रुवारी, सकाळ.
अकरा अर्ज पाठवले. फोन आंघोळीलाही सोबत नेला.

दुपारी २.१०
फोन आला!! क्रेडिट कार्डवाली. फार आदराने बोलली.

८ फेब्रुवारी, शनिवार.
आकुर्डीला इंटरव्ह्यू. एचआर मॅडम म्हणाल्या, एनआयसीयूत आम्ही शक्यतो सिस्टरच घेतो, बाळांच्या आया संकोचतात. हाडांच्या वॉर्डात जागा आहे, पेशंट उचलायला तगडा माणूस हवाय. मी सांगितलं, मॅडम, हे हात आठशे ग्रॅमसाठी आहेत, ऐंशी किलोसाठी नाहीत. ताठ मानेने बाहेर पडलो. फाइल आतच राहिली. परत गेलो. पुन्हा ताठ मानेने बाहेर पडलो.

१२ फेब्रुवारी.
हात गंजू द्यायचे नाहीत. रबरी बाहुली आणली. रोज दोन तास सराव. आज बाहुलीच्या नाकात नळी घालून दूध देत होतो, तेवढ्यात घरमालकीण भिमाबाई पावट्याच्या शेंगा घेऊन दारात. शेंगा उंबऱ्यातच ठेवल्या आणि लगबगीने परत गेल्या. कौशल्य पाहून थक्क झाल्या असाव्यात.

रात्री.
थक्क नाही. मधुवंतीला जिन्यात गाठून म्हणाल्या, “पोरी, लगीन व्हऊन किती वर्सं झाली? तुझा मालक लई झुरतोय गं. रबराच्या बाळाला नळीनं दूध पाजत व्हता. यखादा नवस तरी बोल.” मधुवंती वीस मिनिटं हसत होती. मी सरावाचं महत्त्व समजावलं. आणखी दहा मिनिटं हसली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
भोसरीचं हॉस्पिटल. एनआयसीयूच्या इन्चार्ज जयमाला सिस्टर. प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. प्लास्टिकच्या नमुना-बाळासमोर उभं राहून आधी आमची लातूरची पद्धत पंधरा मिनिटं समजावली. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग विचारलं, “ब्रदर, हात धुतले?”
नव्हते धुतले.
वर नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची मुदत डिसेंबरातच संपलेली. म्हणाल्या, “रिन्यू करा, मग या. हात धुऊन या.”
त्यांना माझा अनुभव पेलला नाही.

२१ फेब्रुवारी.
क्षेत्र बदलायचा विचार. व्याख्यानं देईन. मधुवंतीला दीड तास योजना सांगितली. ती मान डोलावत फोनवर काहीतरी करत होती. कळलं, माझा रिन्यूअलचा फॉर्म भरत होती. अगदी योग्य वेळी भरला. वातावरण मीच तयार केलं होतं.
घरात मॉनिटरचा टुकटुक आवाज नाही. दुपारी फ्रिजजवळ खुर्ची घेऊन बसलो. तो थोडा गुणगुणतो.

७ मार्च.
रजिस्ट्रेशन आलं. जयमाला सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, सोमवारी या, महिनाभर ट्रायल. अखेर रस्सीखेच सुरू झाली. सध्या एकाच बाजूने.

१० मार्च, सोमवार.
पहिला दिवस. हात सात वेळा धुतले. सिस्टर पाच वेळा बघत होत्या.
अकराला एक बाप आला. कंपनीतून थेट, अंगात युनिफॉर्म. मुलगी नऊशे चाळीस ग्रॅमची. आई अजून दुसऱ्या वॉर्डात तापाने पडलेली. ऊब मिळावी म्हणून बाळाला बापाच्या उघड्या छातीवर ठेवायचं होतं, पण सिस्टरांसमोर तो शर्टाचं बटण सोडेना. जयमाला सिस्टर म्हणाल्या, ब्रदर, तुम्ही बघा. पडदा ओढला. म्हटलं, भावा, मी पण पुरुषच, लाजू नको. “सर, एवढीशी आहे, पडली तर?” म्हटलं, माझे हात खाली आहेत.
एक तास दोन्ही हात तसेच धरून वाकून उभा. पोरगी छातीवर गाढ झोपली. बाप न हलता रडत होता. माझं नाक खाजत होतं. खाजवलं नाही.
पडदा उघडल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले. अख्ख्या युनिटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “थँक यू, सिस्टर.”
सगळ्या हसल्या. मीही हसलो. हळूच, बाळं झोपली होती.
मग पुन्हा हात धुवायला गेलो.