बाबांची लय

गुरुवार, सकाळी

चि. चिमणीस आईचे पोटभर आशीर्वाद.

देवाच्या कृपेने घरी सर्व ठीक. तू पाठवलेले तबल्याचे यंत्र पोचले. कंपवाताने अडखळणारी पावले सावरायला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बाबा रोज त्याच्या ठेक्यावर चालतात. त्यामुळे तुमच्या गाण्यातले विलंबित, मध्य, द्रुत, म्हणजे संथ, मधली आणि जलद लय, माझ्याही पदरी पडले.

आधी माझ्या अकलेचे तारे ऐक. मला वाटले, द्रुत लावले की फेऱ्या लवकर उरकतील, यंत्रही लवकर बंद करता येईल. वीज काय फुकट येते? बाबा म्हणाले, "अगं, मला फिरवतेस की हाकलतेस?" मी म्हटले, "पाय उचला, जीभ नको."

मग ते जरा पडले. जरा म्हणजे, मनगट प्लास्टरमध्ये आहे. तुझा फोन आला तेव्हा शेजारी बसून डोळे वटारत होते, म्हणून बोलले नाही.

वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांनी यंत्र विलंबितावर आणले. मी म्हटले, "हे तर बंद पडल्यासारखंच वाटतंय!"

त्या हसल्या. "वहिनी, दोन मात्रांच्या मधे गाणं थांबत नसतं. तिथेच श्वास घ्यायचा, पुढची जागा बघून ठेवायची."

मी देवापुढेही स्तोत्र भराभर उरकणारी. मला हे पचायला वेळच लागला. आता मी बाबांचा हात धरून उभी राहते. एक ठोका, एक पाऊल. मधल्या वेळात ते माझ्याकडे बघतात. अख्ख्या संसारात एवढे बघितले नसेल!

तुझ्या प्रश्नाला मात्र मी बगल देत आले. तिकडच्या संगीत विद्यालयातली नोकरी धरू की बाबा बरे होईपर्यंत थांबू, असे तू विचारलेस. बाळा, हे दुखणे मागे फिरणारे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मध्य लय आता आपल्या घरी यायची नाही.

काल बाबांना विचारले, तिला काय लिहू? बराच वेळ गप्प. मला वाटले, विसरले. मी उठू लागले तेव्हा म्हणाले, "तिला म्हणावं, माझी लय धरून बसू नकोस. तुझी धर."

तेव्हा होकार कळवून टाक. जाण्याआधी एकदा येऊन जा. दार उघडायला तेच येणार, मला जागची हलू देणार नाहीत. म्हणून आत्ताच सांगते : बेल एकदाच वाजव, आणि थांब.

तुझी,
आई