सायबांचा कोट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. चिडले आहे म्हणते खरी, पण मधेच हसू फुटतंय आणि अक्षर वाकडं होतंय. काचीगुड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या आपल्या जुन्या टेबलाशी बसले आहे. बाहेर आई मोठ्या आवाजात मालिका बघतेय. मी सक्तीच्या रजेवर आहे. माझ्याच क्लिनिकमधून, माझ्याच हुकमानं. ते कसं झालं ते सांगते. फक्त एकदा तरी मधे न बोलता ऐकून घ्या.

याच टेबलाशी आपलं पहिलं मोठं भांडण झालं होतं. मी तुमच्यासारखीच घोड्यांची डॉक्टरकी शिकून नुकती परत आलेली, माझे पाय जमिनीवर नव्हते. तुम्ही पिठलं-भाकरी खाताय आणि मी समोर ताट तसंच ठेवून भाषण ठोकतेय, की घोडा नुसता शिंकला तरी तुम्ही अँटिबायोटिक टोचता, अशानं एक दिवस जंतू या औषधांना भीक घालणार नाहीत. तुम्ही शांतपणे ठेचा चाटलात आणि म्हणालात, "घोड्याला ताप असो नसो, मालकाला असतोच. सुई मारली की मालकाचा उतरतो." आई खो खो हसली. मी ताटावरून उठले, तर मागून तुमचा आवाज चढला, "बस खाली! राग काढायचा तर माझ्यावर काढ, अन्नावर नाही. पुस्तकं वाचून आलीस, घोड्याची लाथ खाल्लीस का कधी?" पुढच्याच आठवड्यात खाल्ली, ते सोडा. मलमपट्टी तुम्हीच केलीत आणि वर मलाही एक सुई मारायला निघाला होतात.

तर यंदाच्या लग्नसराईत तो दिवस उगवला. नामपल्लीकडच्या एका वरातवाल्याची पांढरी घोडी आहे, नवरदेव मिरवणारी, स्वभावानं गाय. कुकटपल्लीच्या एका वरातीत डीजेच्या आवाजाला ती बुजली आणि जनरेटरच्या गाडीवर धडकली. पत्र्यानं मागचा पाय सांध्याजवळ उभा फाटला. मी टाके घातले, छान बसले, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. थोड्याच दिवसांत जखम उसवली आणि पू आला. त्याआधी आणखी दोन घोड्यांचं असंच झालं होतं, पण त्यांच्या जखमा वरवरच्या होत्या, निभावलं. या वेळी पू तपासायला पाठवला. लॅबचा निकाल बघून माझं धाबं दणाणलं. आपल्या कपाटातल्या जवळजवळ कुठल्याच औषधाला तो जंतू दाद देत नव्हता. तो सांध्यात उतरला तर घोडी पायावर उभी राहणार नाही, आणि उभी न राहणाऱ्या घोडीचं काय करावं लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मालक तबेल्यातल्या तिच्या ठाणाबाहेर उकिडवा बसून होता. "डॉक्टर अम्मा, इसकू कुछ हुआ तो मैं घर में क्या मुँह दिखाऊँ? बच्ची है मेरी." मग जरा थांबून म्हणतो, "बड़े साब होते तो एक सुई में खड़ी कर देते." बाबा, माझं टाळकंच सरकलं. त्या एकेका सुईनंच तर ही वेळ आणली होती! पण त्याचे डोळे भरलेले दिसले आणि मी घोडीचा पाय बघायला वळले.

घोडीला मागच्या वेगळ्या ठाणात हलवलं. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा, तिच्याजवळ जाणारा माणूस वेगळा. टाके काढून जखम उघडी केली, रोज धुवायला घेतली. लागू पडेल असं एकच औषध उरलं होतं, ते मोजूनमापून सुरू केलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बेसिन आणि साबण ठेवून जाहीर केलं, की कोपरापर्यंत हात न धुता जो आत जाईल तो थेट घरी जाईल. सगळे मुकाट्यानं धुवायला लागले. तरी आणखी एका घोड्याच्या टाक्यांतून तसलाच पू आला. म्हणजे जंतू आपल्याच घरात मुक्काम ठोकून होता, आणि तो सापडेपर्यंत या घोडीचाही भरवसा नव्हता.

मग मी टेबल, नळ, दोरखंड, दाराच्या कड्या, सगळ्यांचे नमुने घेतले आणि शेवटी माणसांच्या नाकांकडे वळले, कारण हा जंतू माणसाच्या नाकात ऐटीत राहतो. तुमचे कंपाउंडर चाचा आठवतात ना? अजून आहेत, आणि अजून तसेच फटकळ. नाकात कापसाची काडी घालायची म्हटल्यावर त्यांना मिरच्या झोंबल्या. "मेरी नाक पे शक? अम्मा, इस नाक ने बड़े साब का जमाना देखेला है!" मी म्हटलं, चाचा, जमाना राहू दे, मान वर करा. केली, पण नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

निकाल यायचे होते. एका सकाळी मी खोलीबाहेरच्या कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या हातांवर पाळत ठेवली. आमची नवी डॉक्टर मुलगी आली, कोपरापर्यंत फेस काढून हात धुतले. चाचा आले, त्यांनीही धुतले, माझ्याकडे न बघता. एकाचीही चूक सापडेना. शेवटी मीही हात धुतले, आत निघाले, आणि दारातच माझं मला दिसलं: माझा धुतलेला हात तुमच्या कोटाच्या खिशावर होता. तिथून तो कपाळाला लावून मी आत जाणार होते. रोज जाते तशी. सगळेच जातात तसे.

तुम्हाला हे माहीत नसणार. तुम्ही गेल्यावर चाचांनी तुमचा तो खाकी कोट दाराशेजारच्या खिळ्याला टांगला. आत जाताना सायबांना सलाम करून जायचं, अशी रीतच पडली. मालक लोकांनी त्यावर कडी केली. ऑपरेशनच्या आधी कोटाची बाही घोड्याच्या तोंडावरून फिरवायची, दुवा म्हणून, आणि बरं होऊन घरी जाताना पुन्हा एकदा. मी हे रोज बघत होते आणि मला बरं वाटत होतं. इतक्या घोड्यांची नाकं एकाच बाहीला पुसली जाताहेत हे माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आलं नाही. आणि कोट कधी धुतलेला म्हणाल तर कधीच नाही, कारण साबणाच्या वासानं घोडे बिचकतात हा तुमचाच शोध.

कोटाचा नमुना पाठवला. लॅबमधल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, कोट भयंकर पॉझिटिव्ह आहे. कोणाचा आहे?"

"माझ्या वडिलांचा."

"त्यांना सांगा, रोजच्या रोज गरम पाण्यात धुवायचा."

"ते वारलेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती बिचारी म्हणाली, "तरी धुवा."

मी अंगणात चूल पेटवून मोठं पातेलं चढवलं, तर चाचा आडवे आले. "साब को उबालते?" घोडीचा मालक त्यांच्या बाजूनं. "नक्को अम्मा, मेरी बच्ची इसी की दुआ पे खड़ी है." मी म्हटलं, तुमची बच्ची याच कोटापायी आडवी व्हायची पाळी आलीय, सरका. मन घट्ट करून आईला फोन लावला, म्हटलं तिला विचारल्याशिवाय नको. आई म्हणाली, "जन्मभर कधी धुवायला दिला नाही त्यांनी. आता बरे तावडीत सापडलेत. चांगला तासभर उकळ!" पाणी इराणी चहासारखं झालं, बाबा. कोट बाहेर आला तो आखडून, फिकट होऊन, एखाद्या शाळकरी पोराचा असावा तसा. चाचा त्याच्याकडे बघून रडले. मी नाही रडले, मला पातेलं घासायचं होतं.

कोट आता कपाटात आहे. त्यानंतर नव्या जखमांत पू आला नाही. घोडीचा पाय हळूहळू भरत आला, गुलाबी मांस दिसायला लागलं, आणि काल तिनं त्या पायावर नीट भार दिला. मालकानं माझे आभार मानले नाहीत, रिकाम्या खिळ्यापुढे मान झुकवली. "बड़े साब की दुआ है." मी म्हटलं, हौ, आहे, पण लांबूनच घ्यायची.

दुसऱ्या लॅबमध्ये रखडलेले नाकांचे निकालही कालच आले. चाचांचं नाक स्वच्छ. नव्या डॉक्टरचं स्वच्छ. जंतू सापडला तो एकाच नाकात, माझ्या. चाचांनी उरलासुरला रुसवा तिथल्या तिथे सोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. म्हणून मी घरी. नाकात लावायची मलमाची ट्यूब इथे टेबलावर आहे. पूर्ण संपवायची, मग पुन्हा तपासणी, मग काम.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते, पण आई फोटो पुसताना वाचेल आणि चारचौघांत सांगत सुटेल, तेव्हा फाडूनच टाकीन. मलम आज सकाळपासून लावायचं होतं. मला पक्कं ठाऊक आहे की हा जंतू तुमचा नव्हे, कुठल्यातरी घोड्याचा, कोटात फक्त वस्तीला राहिलेला. पण तो त्या खिशातून माझ्याकडे आला, आणि तिथलं तुमचं बाकी सगळं मी स्वतःच्या हातानं उकळून टाकलंय. कोट उकळताना न आलेलं रडू ही ट्यूब बघून आलं. दुपार टळत आली, बाबा, आणि मी अजून तिचं झाकण उघडलेलं नाही.